दिवा लावून येणारी गाडी

२०२४ साल होतं आणि मी बहात्तर वर्षांचा. ब्रश हातात धरायचा नाही असं आमच्या घरात ठरलं होतं. ठरवलं बायकोने, मी फक्त हजर होतो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मुलगा म्हणे ऑपरेशन करू, सून म्हणे तारीख घेते. मी म्हणे, मला दिसतंय. दिसत होतं म्हणजे काय, कुळगावच्या आमच्या ओटीवरून रस्त्यावरचा माणूस दिसायचा, आणि तो कोण ते तो बोलला की कळायचं.

थंडीतल्या एका रविवारी असाच एक माणूस फाटक उघडून आत आला, आणि बोलला तेव्हा ती बाई निघाली.

"जय भीम, काका. हिरामण पेंटर तुम्हीच ना?"

"व्हते," आतून बायकोने उत्तर दिलं.

त्या वंदनाताई. अंबरनाथ पश्चिमेला विहाराच्या मागे मोठी वस्ती आहे, तिथल्या मंडळाच्या सेक्रेटरी. नोकरी बँकेत. खुर्चीच्या टोकावर बसल्या आणि म्हणाल्या, "आमच्या ॲम्ब्युलन्सची दिव्याची पाटी तुम्ही केली होती."

"केली होती नाही. केली आहे. असेल अजून."

"काच फुटली, काका. खोका तेवढा राहिलाय. दुसऱ्या कोणाला हाताने करता येत नाही म्हणून तुमच्याकडे आले."

बायको पदराला हात पुसत बाहेर आली. "पैले आपले डोले बगा, मंग गारीचे बगा," मला म्हणाली, आणि वंदनाताईंना चहा द्यायला लागली. तिने चहा दिला म्हणजे मी ते काम घेणार हे तिला कळून चुकलं होतं.

मी चौथीत शाळा सोडली. हे लिहिलंय ते जमेल तसं लिहिलंय. जोडाक्षरं वंदनाताईंनी सरळ केली, बाकी एका शब्दाला हात लावू दिला नाही.

आमचा धंदा दिव्याच्या पाट्यांचा. उल्हासनगरला लछूसेठच्या दुकानात मी पोरवयात लागलो. सेठ सिंधी माणूस, बोलायला गोड, पण रेघ वाकडी गेली की फूटपट्टीने बोटावर मारायचा. बाहेरच्या माणसाला हे काम ठाऊक नसतं म्हणून सांगतो. साध्या पाटीवर आधी जमीन रंगवायची आणि वर अक्षर काढायचं. दिव्याच्या पाटीत सगळं उलटं. पत्र्याचा खोका, आत बल्ब, तोंडाला काच. रंग लावायचा तो काचेच्या आतल्या बाजूने, म्हणजे पावसापाण्याचं भय नाही. आतून म्हणजे अक्षर आरशात दिसतं तसं काढायचं, आणि शब्दाचं शेवटचं अक्षर पहिल्यांदा. लाल अक्षर सुकलं की त्याच्या पाठीवर पांढरी जमीन द्यायची, पातळ, उजेड गाळून बाहेर यावा इतकी. लाल मात्र घट्ट हवा. दिवसा तो कसाही चांगला दिसतो. मागे बल्ब लागला की पातळ कुठे आहे ते बाहेर येतं. म्हणून जमीन देण्याआधी काच उन्हाला धरून बघायची. सेठ म्हणायचा, "हिरा, दिन में तो सबकी दुकान चमकती है, साईं."

गिऱ्हाईकं एकेक भेटली. एका डॉक्टरला नाव बारीक आणि डिग्री ठळक हवी होती. मी सांगून बघितलं, ऐकेना, मग केली तशीच. पुढे लोक त्याला डिग्रीनेच ओळखायला लागले, नाव कोणाला माहीत नाही. समोरासमोर दोन सख्ख्या भावांची फरसाणची दुकानं होती, बोलणं बंद. एकाने खोक्यात बल्ब वाढवला की दुसरा मला बोलावणं पाठवायचा. वाढवता वाढवता एका संध्याकाळी गल्लीचा फ्यूज उडाला आणि दोघं मेणबत्ती मागायला एकमेकांच्या दारात गेले. भाऊ बोलायला लागले, माझी दोन गिऱ्हाईकं गेली.

पण माझ्या हातचं एकच काम असं की ज्याच्याकडे बघून लोक हसले किंवा रडले. ते या गाडीचं.

त्या वस्तीतली बहुतेक घरं तेव्हा कारखान्यात कामाला. माणूस आजारी पडला तर रिक्षा मिळायची नाही, मिळाली तर आत यायची नाही. मंडळाने वर्गणी काढून जुनी गोल तोंडाची मॅटॅडोर घेतली आणि तिची ॲम्ब्युलन्स केली. ड्रायव्हर जाधव. कारखान्यात ट्रक चालवायचा आणि पाळी सुटली की ही गाडी. घर गाडीच्या समोरच.

फोन कोणाकडे नव्हता. पेशंटला उल्हासनगरला नेलं की मागे राहिलेल्यांना काही कळायचं नाही. म्हणून वस्तीने आपली एक रीत पाडली. गाडी परत येताना नाक्यावर वळली की सगळे तिच्या कपाळावरच्या पाटीकडे बघायचे. पाटी पेटलेली असेल तर माणूस आहे, दवाखान्यात ठेवून घेतलाय. विझलेली असेल तर काय ते समजून घ्यायचं. ही रीत जाधवच्याच सोयीने पडली होती. मला म्हणाला होता, "पेंटर, तसलं मला तोंडाने सांगता येत नाही रे. बटण बंद करता येतं."

एकदा वंदनाताईंच्या आजोबांना दम्याने घेरलं. जाधव त्यांना दवाखान्यात सोडून परत निघाला आणि रेल्वे फाटकाजवळच्या खड्ड्यात चाक आपटून पाटीतल्या बल्बची तार तुटली. आत बसलेल्या ड्रायव्हरला गाडीचं कपाळ कसं दिसणार. गाडी नाक्यावर विझलेली वळली आणि वस्तीत रडारड सुरू झाली. दोघं जण मयताचं सामान आणायला निघाले सुद्धा. जाधव खाली उतरून सांगतोय, म्हातारा चहात बिस्किट बुडवून खातोय, पण कोणी ऐकेना. लोकांना वाटलं, दुःखाने याचंच डोकं फिरलं. आजोबा घरी आले तेव्हा दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "माझं सामान आणायला कोण गेलं होतं, त्याला पुढं करा."

त्यानंतर मला बोलावणं आलं. मी नवा खोका केला, बाजूच्या पत्र्यावरची अक्षरंही काढली. एकाच्या जागी दोन बल्ब, दोघांच्या वायरी वेगळ्या, आणि ड्रायव्हरच्या समोर एक बारीक लाल दिवा. पाटी पेटली तरच तो पेटणार. पुन्हा कधी वस्ती फुकट रडली नाही.

आता गाडी बरीच वर्षं विहाराच्या आवारात उभी होती. कागद संपले, इंजिन गेलं, रस्त्यावर ती उतरणार नाही हे सगळ्यांना मान्य. भांडण जागेचं होतं. सोनवणेसर म्हणून मंडळात एक रिटायर मास्तर आहेत, त्यांचं म्हणणं, पोरांना अभ्यासाला घरात जागा नाही, गाडी भंगारात द्या आणि तिथे अभ्यासिका बांधा. त्यांचंही चुकीचं नव्हतं. वंदनाताईंचं म्हणणं, गाडी नीट करून आवारातच ठेवू, दर रविवारी तीत नर्स बसवू, म्हाताऱ्यांचं बीपी, शुगर बघू. मीटिंगमध्ये ठरलं की जयंतीपर्यंत गाडी धड उभी राहिली आणि तिची पाटी पेटली तर राहील. नाहीतर जयंती झाली की भंगारवाला येईल.

मी दुसऱ्याच दिवशी गेलो. एक म्हातारा फडक्याने बॉनेट पुसत होता.

"कोण रे?"

"पेंटर."

"मेला नाहीस अजून?"

"तुझ्या गाडीत बसलो नाही ना कधी."

जाधव हसला. हसताना दम लागत होता त्याला. मला आत बसवलं, पेशंटच्या बाकड्यावर, आणि स्वतः ड्रायव्हरच्या सीटवर बसला, पाठ माझ्याकडे.

"मास्तर बरोबर बोलतात," तो म्हणाला. "पोरांना जागा पाहिजे. पण ही गेली तर सकाळी उठून मी काय पुसू? टीव्ही?"

 काम घेतलं असं तिथेच धरून चाललो.

मिस्त्रीने सडलेला तळ कापून नवा पत्रा घातला, गाडी चाकांवर उभी केली. बाजूच्या पत्र्यावरचे जुने रंग आम्ही घासून काढले. कोणीकोणी काय काय फासलं होतं, आकाशी, त्याच्या खाली पांढरा, त्याच्या खाली पुन्हा पांढरा. एका जागी घासता घासता माझ्या बोटाला ब्रशची कड लागली. डोळ्याला नीट दिसत नव्हतं, पण बोटाने ओळखलं, हा 'से' माझा. वरची मात्रा मी शेवटाला जरा उचलतो. पुढे 'वा' होताच. मिस्त्रीला म्हटलं, इथे पॉलिश पेपर थांबव. तेवढा तुकडा तसाच ठेवलाय, कोणीही येऊन हात लावून बघावं.

पाटीच्या सामानासाठी उल्हासनगरला गेलो. लछूसेठ आता नाही, त्याचा नातू मनोहर बसतो. दुकानात रंगाचा वास नाही, मशीनची घरघर.

"काका, हाथ से कोण करतं आता? विनाइल कटिंग मारतो, चिकटवतो. तुम्ही चहा प्या, चहा संपेपर्यंत पाटी रेडी."

"तुझ्या आजोबाने ऐकलं असतं तर फूटपट्टी काढली असती."

"दादाजी होते तर तेच पहिले मशीन घेऊन आले असते, साईं. धंदेवाला माणूस होता."

खोटं नव्हतं ते. राग मला त्याचाच जास्त आला. उल्हासनगरच्या बाजारात एके काळी वर मान करून चालताना दर दुसऱ्या दुकानावर माझा हात दिसायचा. आता सगळं फ्लेक्स, रात्री पांढरंफटक. बल्बवरून आमचं पुन्हा वाजलं. तो म्हणे एलईडी, मी म्हणे बल्ब. तो म्हणे बल्बने काच तापेल, बॅटरी बसेल. शेवटी त्याने पिवळट उजेडाची एलईडी लावून दाखवली. मी बराच वेळ बघत राहिलो. उजेड चांगला होता. मी म्हटलं, "दोन पट्ट्या, दोन वेगळ्या वायरी. आणि एक बारीक लाल दिवा."

"दोन कशाला?"

त्याला वंदनाताईंच्या आजोबांच्या सामानाची गोष्ट सांगितली. तो इतका हसला की बॅटरी घेऊन वायरिंग करायला मीच येतो म्हणाला.

होळी झाली आणि एका सकाळी गाडी पुसता पुसता जाधव छाती धरून खाली बसला. वंदनाताईंनी फोन केला, सरकारी ॲम्ब्युलन्स आली, तिचा निळा दिवा वस्तीभर फिरला. जाधव आयुष्यात पहिल्यांदा ॲम्ब्युलन्समध्ये मागे झोपून गेला. त्या ड्रायव्हरला एवढंच म्हणाला, "फाटकाजवळ सावकाश घे."

उल्हासनगरहून त्याला पुढे मोठ्या दवाखान्यात नेलं. हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली. सगळी बातमी वंदनाताईंच्या मोबाइलवर येत होती, वस्तीतल्या पोरांनी त्याला व्हिडिओ कॉलसुद्धा केला. तरी मी गाडीपाशी काम करायला गेलो की म्हाताऱ्या बाया येऊन उभ्या राहायच्या आणि रिकाम्या खोक्याकडे बघायच्या. 

जयंती जवळ आली होती. वेळ आहे अजून, असं माझं चाललं होतं, कारण घाईचं काम मी आयुष्यात केलं नाही. तेवढ्यात वंदनाताईंची आई काठी टेकत आली.

"पेंटरभाऊ, उद्या सांजच्याला जाधवला सोडतायत. पाटी लागंल ना?"

"अहो मावशी, जयंतीच्या आदल्या दिवशी लावायची ठरलीय. आणि तुम्ही तर कालच बोललात ना त्याच्याशी फोनवर?"

"बोलले की. बरा हाय. पण विझलेल्या पाटीसमोर उतरवायचं का त्याला?"

 विहाराच्या ओट्यावर काच आडवी टाकली आणि बसलो. 'रुग्णवाहिका'च्या शेवटच्या 'का'पासून सुरुवात केली, मग 'हि', मग 'वा'. हात थरथरत नव्हता, हे मी छाती ठोकून सांगतो. अक्षर माझ्यासाठी पहिल्यापासून चित्रच आहे, उलटं काय नि सुलटं काय. 'रु'ला आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. रात्रभर सुकू दिलं. सकाळी काच उन्हाला धरली, सगळं सारखं लाल दिसलं. पाठीवर जमीन दिली. दुपारी मनोहर आला, त्याने वायरी ओढल्या, आम्ही दोघांनी काच खोक्यात बसवली.

दिवस मावळायला सगळी वस्ती आवारात. सोनवणेसरही होते, हाताची घडी घालून. मावशींनी बटण दाबलं. पाटी पेटली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जुनी माणसं नुसती बघत उभी राहिली आणि एकीने डोळ्याला पदर लावला. लहान पोरं विचारत होती, काय झालं, काय झालं.

जाधवला घेऊन येणारी कार नाक्यावर वळली आणि तिथेच थांबली. आम्हाला वाटलं काही बिघडलं. मागून कळलं, त्यानेच थांबवायला लावली. बऱ्याच वेळाने ती आत आली. जाधव धरून धरून उतरला, गाडीच्या समोर उभा राहिला आणि वर बघितलं. 

"'रु' फिका आहे," तो म्हणाला.

मी म्हटलं, "औषधाचा अंमल आहे तुझ्यावर. झोप जा."

"अंमल-बिंमल काही नाही. बाकी लाल आहे, 'रु' गुलाबी."

मी मनोहरकडे बघितलं. तो वायर गुंडाळायला लागला. "काका, थोडा लाइट है," म्हणाला. वंदनाताई म्हणाल्या, "लांबून कळत नाही, काका." म्हणजे जवळून कळत होतं.

सोनवणेसर पुढे आले. मला वाटलं, आता हे बोलणार, अट पुरी झाली नाही. ते जाधवला म्हणाले, "अभ्यासिका विहाराच्या वरच्या मजल्यावर घेऊ. गाडीवर शेड कुठल्या बाजूने घालायची ते उद्या परवा सांगा." आणि निघून गेले. गाडी राहिली. सगळे जाधवच्या पाठीवर हात ठेवत होते, माझ्याही. माझ्या कानात फक्त 'रु' फिका आहे.

घरी आलो आणि ताटावर बसलो नाही. बायकोने विचारलं काय झालं. सांगितलं.

"कोन बोलला फिका?"

"जाधव."

"आनि तुमाला कसा दिसला?"

"लाल."

तिने ताट झाकून ठेवलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण ती गप्प बसलेली मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच मी ब्लेड, लाल रंगाचा डबा आणि बारीक ब्रश पिशवीत घातला आणि शेअर रिक्षाने अंबरनाथला गेलो. जाधवचं दार वाजवलं. म्हटलं, "चल. खुर्ची घे."

"डॉक्टरने आराम सांगितलाय."

"बसूनच राहायचंय तुला."

गाडीसमोर त्याला खुर्चीवर बसवलं. काच उतरवली, 'रु'च्या पाठीवरची जमीन ब्लेडने खरवडली, लालही खरवडला, आणि काच उभी धरली.

"मी लावतो. तू बघून सांग," मी म्हटलं. एवढं बोलायला मला रिक्षाचा सगळा रस्ता लागला होता.

तो बघत राहिला. मी रंगाचा एक हात दिला.

"अजून."

दुसरा दिला.

"खालच्या उकाराला अजून. हां. बस."

रंग आवळून वरवर सुकेपर्यंत आम्ही तिथेच बसलो. मग जाधव म्हणाला, "काल नाक्यावर गाडी का थांबवली ठाऊक आहे? एवढी वर्षं चालवली, पण ती दिवा लावून येताना कशी दिसते ते मी कधी बघितलंच नव्हतं. मी आत असायचो ना. लोक का रडायचे ते काल कळलं. चांगली दिसते रे."

मागची जमीन नंतर द्यायची ठरवून काच जपून खोक्यात टेकवली. विहाराची सावली गाडीवर होती, दिवसासुद्धा दिवा कळला असता. जाधव उठला, काठी घेतली. "मी नाक्यावर जातो. तू बटण लाव."

"डॉक्टरने चालायला..."

"सावकाश चालायला सांगितलंय."

तो गेला. मी ड्रायव्हरच्या सीटवर चढून बसलो आणि बटण दाबलं. समोरचा बारीक लाल दिवा पेटला, तो मला दिसला. नाक्यावर जाधव उभा होता, त्याने हात वर केला की नाही ते काही मला दिसलं नाही. तेवढ्या लांबून त्याचा आवाज आला, "लाल आहे, पेंटर."

मी खिशातून फोन काढला, सुनेला लावला आणि म्हटलं, "घे तारीख."